एका रिंगची खुशाली

शिरूर व दौंड तालुक्यातील तमाम नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मूळचे संगणकावर राहणारे आणि पोटापाण्यासाठी मोबाईलवर स्थलांतरित झालेले एक जावा फ्रेमवर्क शिरूर मुक्कामी दिवसातून अनेक वेळा निधन पावत असे. मयताच्या पश्चात एक प्रोग्रामर, एक घाबरलेला कंपनीमालक आणि दुधाचा एक टँकर असा परिवार होता. मयत दर वेळी पुन्हा सुरू होत असल्यामुळे घाटावर दशक्रिया विधी ठेवण्याचा योग कधी आला नाही.

आज मी हे असं मिश्या पिळत सांगतो. तेव्हा मला जेवण जात नव्हतं.

खिशाखिशात बटणांचे फोन होते आणि काचेवर बोट फिरवायचे फोन नुकतेच दिसायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. पुण्याच्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होतो. छोटी म्हणजे किती, तर सगळे एकदम चहाला उठले की ऑफिसला कुलूप लावावं लागे. मालक माझ्यापेक्षा वयानं लहान होता. मी त्याला ‘सर’ म्हणे, तो मला ‘तुम्ही’ म्हणे, आणि दोघांनाही ते थोडं अवघड वाटे.

आमच्याकडे जावात लिहिलेलं एक फ्रेमवर्क होतं. ते काय असतं, हे मी एकदा माझ्या सासऱ्यांना समजावलं होतं, तेच इथं सांगतो. लग्नाची पंगत बसलेली असते. भात वाढणारा वेगळा, वरण वाढणारा वेगळा, जिलबीवाला वेगळा. मध्येच भातवाल्याला चक्कर आली तर त्याला सावलीत बसवतात आणि दुसरा उभा करतात. त्यासाठी कुणी पंगत उठवत नाही. आमचं फ्रेमवर्क म्हणजे ती पंगत चालू ठेवणारी व्यवस्था. वाढपी म्हणजे प्रोग्रामचे छोटे छोटे तुकडे. एक तुकडा काढा, नवा घाला, बाकीचं काम चालूच.

सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् ह्यात तुम्ही कोण? भातवाले का वरणवाले?”

“मी पंगत चालू ठेवतो, मामा.”

“म्हंजी हातात भांडं न्हाई. नुसतं फिरायचं.”

तर शिरूरबाहेर एका खासगी डेअरीचं दूध थंड करायचं केंद्र होतं. तिथून टँकर भरून निघत. वाटेत दूध किती तापलं, टँकर कुठं थांबला, हे आमचं फ्रेमवर्क टिपून ठेवी. पण त्यासाठी ड्रायव्हरच्या शेजारी एक संगणक दोरीनं बांधून न्यावा लागे, आणि न्हावऱ्याच्या रस्त्यावर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तो मान टाकी. डेअरीच्या मॅनेजरनं निरोप धाडला, की हे सगळं फोनमध्ये बसवा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आमच्या सरांना कुणाला नाही म्हणता येत नसे. ते हो म्हणून आले आणि मला बोलावलं.

“तुम्ही शिरूरचेच ना? घरूनच करा हे काम. डेमो नीट झाला तर पुढचं सगळं शिरूरचं काम तुमचं. नाही झाला, तर मात्र चेन्नईच्या क्लायंटकडे माणूस द्यायचाय. वर्षभरासाठी. लगेच.”

“लगेच म्हणजे कधी, सर?”

“डेमोच्या दुसऱ्या दिवशी.”

माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी दौंडला माहेरी गेली होती. दिवस भरत आले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला अंदाज डेमोच्याच सुमाराचा होता. म्हणजे फ्रेमवर्क फोनवर जगलं तर मी बाळाचं तोंड बघणार. मेलं तर मूल रांगायला लागल्यावर चेन्नईहून कोणीतरी दाढीवाला माणूस येणार, आणि त्याला बघून ते भोकाड पसरणार.

पोर्टिंगचं, म्हणजे संगणकावरचं सगळं फोनवर बसवायचं काम आधी मी पुण्याच्या ऑफिसातच सुरू केलं. त्या नव्या फोनला जावाचे तुकडे जसेच्या तसे पचत नसत. प्रत्येक तुकडा फोनच्या साच्यात पुन्हा भाजून काढावा लागे. भाजलेला तुकडा उलगडून ठेवायला फोनमध्ये जागा लागे. आणि त्या जागेत लिहायची परवानगी नसली, तर फोन तक्रार करत नसे. नुसता गप्प बसे, मानपान राहिलेल्या व्याह्यासारखा. काय चुकलं ते आपण ओळखायचं. अशा रुसव्याफुगव्यांतून एकेक तुकडा उठवत आणला. शेवटी सकाळी सुरू केलेलं फ्रेमवर्क संध्याकाळपर्यंत टुकटुकीत राहू लागलं. सरांनी वडापाव मागवले. मी तो फोन रुमालात गुंडाळून विजयी मुद्रेनं शिरूरला आलो.

आणि मयतं सुरू झाली.

इथं मला सासऱ्यांची नीट ओळख करून दिली पाहिजे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. उभा जन्म दौंड जंक्शनच्या सिग्नल केबिनमध्ये गेलेला. हँडल फिरवायच्या जुन्या फोनवर गाड्यांचा आवाज कापत ओरडायची सवय, त्यामुळे त्यांनी दौंडातून बोलायचं ठरवलं तर मोबाईलची गरज नावापुरतीच होती. मुलीला माहेरी नेतानाच त्यांनी मला नियम घालून दिला होता.

“रोज बोलत बसायचं कारण न्हाई. मी मिस कॉल देत जाईन. एक रिंग म्हंजी समदं ठीक. दोन रिंगा म्हंजी निघा. पिशवी भरलेलीच ठेवा.”

“आणि चुकून उचलला तर?”

“उचलला?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलो होतो.

आता तरुण मंडळींना हे सांगूनही कळायचं नाही. मिस कॉल उचलणं म्हणजे विश्वासघात. समोरच्यानं आपल्या भरवशावर फोन वाजवलेला असतो. आपण उचलला की त्याचा बॅलन्स गेला आणि आपली अब्रू गेली. आमच्या दोन्ही घरांत हे असं होतं.

माझा जुना बटणांचा फोन केंद्रातल्या कॅन धुण्याच्या हौदात पडून कायमचा शांत झाला होता. कंपनीचं नवं सिम कागदपत्रांत अडकलं होतं. टँकरचे आकडे लॅपटॉपवर पाठवायला फोनमध्ये सिम तर हवंच, म्हणून मी माझंच सिम त्या नव्या फोनमध्ये घातलं. सरांनीही तोच नंबर डेअरीला कळवून टाकला.

माझी कामाची खोली एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, शेजारी लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर दर थोड्या वेळानं फोनकडून येणारी एकेक ओळ. ओळ आली, की जिवंत. ओळी थांबल्या, की मयत. पुण्यात दिवसभर न थांबणाऱ्या ओळी शिरूरात येताच तासातासाला थांबू लागल्या. फ्रेमवर्क पुन्हा सुरू करावं, ते गुणी बाळासारखं चालावं, आणि मी जरा पाठ टेकली की पुन्हा गप्प.

मी गिरणीवर संशय घेतला. हादऱ्यानं होत असेल म्हणून फोन उशीवर ठेवला. मग पिठावर संशय घेतला, आणि फोनला बायकोच्या जुन्या ओढणीचा बुरखा घातला. मग लोडशेडिंग. मग टॉवर. शेवटी घोड नदीच्या पुलाजवळ जाऊन एका झाडाखाली बसलो. तिथं गिरणी नाही, पीठ नाही, टॉवर समोर. तिथंही मेलं. मेंढरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “पास नापास बघताय व्हय?”

“तसंच काहीतरी, आबा.”

“मग बघा बघा. कपाळाला हात लावून कवा निकाल बदलत न्हाई.”

या सगळ्यात दौंडचा मिस कॉल नेमानं येत होता. पहिली रिंग वाजली की माझा श्वास अडके. दुसरी वाजते की नाही, एवढ्या त्या फटीत मी मनानं शिरूर स्टँडवर पोचून, एस्टी पकडून, चौफुल्यावर उतरून, दुसरी गाडी न मिळाल्यामुळे वरवंडपर्यंत पळत गेलेला असे. दुसरी वाजत नसे. समदं ठीक. मी तांब्यातलं पाणी पिई, आणि मग लॅपटॉपकडे बघे तो ओळी थांबलेल्या. खुशालीचा आनंद पुरता घशाखाली उतरायच्या आत हा दुखवटा. हे रोज, आणि तरीही माझ्या टाळक्यात काही उजेड पडला नाही.

पडला तो एका दुपारी. मी लॅपटॉपच्या पडद्याला डोळे लावून बसलो होतो. एक ओळ आली. दुसरी आली. तेवढ्यात फोन एकदा वाजला, काचेवर सासऱ्यांचा नंबर झळकला आणि विझला. तिसरी ओळ आली नाही. मी वाट बघितली. चौथीही नाही.

खुशाली आली होती, आणि फ्रेमवर्क गेलं होतं.

कारण अगदी साधं होतं. सणसवाडीत कामगारांना खोल्या भाड्यानं देणारे काही मालक असतात. एरवी भाडेकरूला हसून विचारपूस, पण स्वतःचा पाहुणा आला की भाडेकरूची वळकटी गॅलरीत. आमचा फोन त्याच जातीचा निघाला. त्याची जागा मुळात कमी. कॉल आला की त्याला स्वतःचा पाहुणा मिरवायला सगळी खोली लागे, आणि मागे गुपचूप काम करणारं आमचं फ्रेमवर्क तो बाहेर काढून टाकी. पुण्यात फोनमध्ये सिमच नव्हतं. पाहुणाच आला नव्हता.

कळलं, म्हणून सुटलं असं मात्र झालं नाही. बायकोची कंबर दुखायला लागली होती. कंबर जेवढी जास्त दुखे तेवढे सासरे घाबरत, आणि घाबरले की तेवढी जास्त वेळा ‘समदं ठीक’ वाजवत. मी एकदा गिरणीवाल्याच्या फोनवरून त्यांना म्हटलं, “मामा, जरा कमी वेळा वाजवलं तरी चालेल.”

“का? पोरीची काळजी संपली का?”

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मी दुरुस्तीला लागलो. एक तर फोनला रीतसर कळवायचं, की हा भाडेकरू महत्त्वाचा आहे, पाहुणे आले तरी याला हलवू नका. तशी सोय त्या फोनमध्ये होती, फक्त ती वापरायला आमच्या फ्रेमवर्कला कुठं कुठं कापून शिवावं लागलं. दुसरं म्हणजे, इतकं करूनही हलवलंच, तर तुकड्यांनी पुन्हा कोणत्या क्रमानं उठायचं ते बांधून द्यायचं. आधी काय होई, तर आकडे पाठवणारा तुकडा सगळ्यांत आधी उठे, तापमान मोजणारा अजून उठलाच नाही असं बघे, आणि पुन्हा आडवा होई.

मग चाचणी. शिरूरच्या बाजारपेठेत मी मिस कॉलची भिक्षा मागत फिरलो. चहावाल्यानं दिले, गिरणीवाल्यानं दिले, दुकानात बसलेल्या शाळूसोबत्यांनी दिले. त्यातला एक मोठ्यांदा म्हणाला, “लेका, बायको माहेरी गेली की लोक फोन लपवतात. तू मिस कॉल मागत फिरतोस?” सगळी पेठ हसली. मी नाही हसलो. मी ओळी बघत होतो. एकामागून एक रिंगा वाजल्या आणि ओळी थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

तरी माझा जीव भांड्यात पडेना. डेमोच्या आधीच्या रविवारी मी दौंडला गेलो. बायको पाटावर पाय ठेवून खुर्चीत बसली होती. सासरे दारात उभे राहून, गाडी येणार असल्यासारखे, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत होते.

“मामा, एक विनंती आहे. डेमोच्या दिवशी दुपारपर्यंत सगळं ठीक असेल तर वाजवू नका.”

“ठीक असंल तर वाजवायचं न्हाई?”

“नाही. निघायचं असेल तरच दोन रिंगा.”

“आन् माझाच फोन बंद पडला तर? रेंज गेली तर? तवा तुम्ही म्हणणार, वाजला न्हाई, म्हंजी समदं ठीक?” त्यांनी चष्मा काढला. “जावईबापू, सिग्नलचा दिवा विझला ना, तर तो लाल धरायचा असतो. आख्खी गाडी थांबवायची असती. तुम्ही विझलेला दिवा हिरवा धराय लागलात.”

“मग आमच्या सरांच्या नंबरवर वाजवा. लिहून देतो.”

“परक्या माणसाला मिस कॉल द्यायचा? बरं दिसतं का ते?”

बायको खुर्चीतून म्हणाली, “बाबा, एक दिवस ऱ्हावा की दम धरून. आणि अहो, तुम्हीपण. बाळ मी वागवतेय आणि धापा तुम्हा दोघांना.”

“बरं,” सासरे म्हणाले. “न्हाई वाजवत.” हे त्यांनी इतक्या पडेल आवाजात म्हटलं की मला भीती वाटली. त्यांचा शब्द पक्का असे, पण तो शब्द त्यांना एवढा जड गेलेला मी कधी बघितला नव्हता.

डेमो शीतकरण केंद्राच्या ऑफिसात होता. खिडकीबाहेर भरलेला टँकर उभा. त्यावर बसवलेली तापमानाची डबी तारेशिवायच फोनशी बोलत होती, आणि फोन लॅपटॉपशी. सर पुण्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि त्यांच्या कपाळावर शर्टापेक्षा जास्त घड्या होत्या. मॅनेजर हा शेतकरी घरातला, दणकट, कमी बोलणारा गडी. दुधात बोट बुडवून फॅट सांगतो असं त्याच्याबद्दल बोलत. आम्ही बोलत असताना तो आमच्याकडेही तसंच बघत होता.

“चालू हाय म्हणता. मग मधीच एक भाग काढून दावा,” तो म्हणाला.

मी तापमान मोजणारा तुकडा काढला. लॅपटॉपवर तापमानाची जागा रिकामी झाली, पण टँकर कुठं आहे ते येतच राहिलं. मी नवा तुकडा घातला. तापमान परत आलं. पंगत उठली नाही. सरांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

“आणा हिकडं.” मॅनेजरनं फोन उचलून तळहातावर घेतला आणि उलटासुलटा करून बघायला लागला.

तेवढ्यात तो वाजला.

सासऱ्यांचा नंबर. एक रिंग. त्यांनी शब्द दिला होता. म्हणजे ठीक असतं तर वाजलाच नसता. माझी नजर एकदा फोनवर, एकदा लॅपटॉपवर. ओळ आली. जिवंत होतं. मग दुसरी रिंग सुरू झाली.

माझा चेहरा कसा झाला असेल ते मॅनेजरच्या चेहऱ्यावर दिसलं. “घरून हाय का?” त्यानं विचारलं. सर घाईनं म्हणाले, “त्यांच्या मिसेस बाळंतपणाला आहेत, दौंडला.”

“आन् बघत काय बसलाय मग!” मॅनेजर म्हणाला, आणि ती रिंग संपायच्या आत त्यानं आपला जाडजूड अंगठा काचेवर सरकवून फोन उचलला.

त्याच क्षणी मला एक गोष्ट समजली. इतक्या दिवसांत, इतक्या रिंगांत, दौंडपासून शिरूरच्या बाजारपेठेपर्यंत, एकाही माणसानं एकदाही तो फोन उचलला नव्हता. कोण उचलणार? मिस कॉल होते ते! उचललेला कॉल आमच्या फ्रेमवर्कला सोसतो का, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

ओळी थांबल्या.

मॅनेजर फोन कानापासून लांब धरून म्हणाला, “हॅलो?” पलीकडून काहीच नाही. लॅपटॉपवर काहीच नाही. पलीकडे दौंडला काय झालं असेल आणि इथं पडद्यावर काय झालंय, यातल्या कशाला आधी घाबरावं ते मला ठरवता येईना. सरांनी डोळे मिटून घेतले होते. ते देवाचं नाव घेत होते की चेन्नईचं तिकीट काढत होते, कोण जाणे.

मग पडद्यावर एक ओळ आली. नुसतं तापमान. त्यानंतर टँकरची जागा. मग पाठवणाऱ्या तुकड्यानं मधले साठवलेले आकडे एकदम ओतले आणि ओळी पहिल्यासारख्या वाहू लागल्या. फोननं भाडेकरूची वळकटी गॅलरीत टाकलीच होती, पण आमचे तुकडे क्रमानं उठून कॉल चालू असतानाच परत आत येऊन बसले होते. मॅनेजरनं मान तिरपी करून पडद्याकडे बघितलं. “फोन आला तरी आपापलं परत चालू हुतंय,” तो म्हणाला, आणि आमचे सर, ज्यांना हे आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं, म्हणाले, “हो, हो. तेच दाखवायचं होतं.”

पुढचं सांगून टाकतो. काम आम्हाला मिळालं, चेन्नईला दुसरा कोणी गेला, आणि पुढच्या आठवड्यात मुलगी झाली तेव्हा मी दौंडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सासऱ्यांच्या शेजारी उभा होतो. रिंग आपण एकच दिली होती, असं सासरे आजही शपथेवर सांगतात. तेही खरं असावं. त्यांच्या कानाशी एकदा वाजलेलं माझ्याकडे दोनदा वाजलं असेल, तेव्हाच्या रेंजचा काही नेम नव्हता. दुपारपर्यंत दम धरायचा शब्द त्यांना पाळता आला नाही, एवढंच.

पण त्या घडीला आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मॅनेजरच्या हातात फोन होता आणि पलीकडचा माणूस बोलत नव्हता. मॅनेजर पुन्हा म्हणाला, “हॅलो, कोण बोलतंय? काय झालं, सांगा की!” आणि जन्मात पहिल्यांदाच ज्यांचा मिस कॉल कुणीतरी उचलला होता, ते माझे सासरे धक्क्यातून सावरले, आणि खिडकीबाहेरच्या टँकरचा ड्रायव्हरसुद्धा वळून बघेल अशा आवाजात ओरडले,

“अरं, उचलला कशापायी? समदं ठीक हाय म्हणून तर वाजवला!”